देवाचं बेट, माणसांचा बाजार

ग्रीसमधल्या डेलॉस बेटावर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे. पहारेकरी आणि उत्खननाचं काम करणारी मंडळी सोडली तर बाकी सगळ्यांनी सकाळी मायकोनॉसहून बोटीनं यायचं आणि शेवटच्या बोटीनं परत फिरायचं. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. पण या नियमामुळे इथली पहाट प्रवाशाच्या कॅमेऱ्यात कधी येत नाही. बोट धक्क्याला लागेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि एजियन समुद्रावरचं उन्हाळ्यातलं ऊन डोळ्यांत खुपतं. सावल्या पायाशी गोळा होतात, कोरीवकाम सपाट दिसतं, संगमरवर पांढराफटक पडतो. त्यात उत्तरेकडून येणारा मेल्टेमी वारा. तो सुटला की हातातला कॅमेरा स्थिर राहत नाही आणि फारच वाढला तर बोटीच बंद होतात. ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा तर वेगळी परवानगी काढावी लागते.

माझं बहुतेक काम सह्याद्रीतल्या लेण्यांमध्ये झालं आहे. तिथे गाठ अंधाराशी असते. बॅटरी तिरपी धरायची आणि भिंतीवरचं ब्राह्मी अक्षर त्याच्याच सावलीनं उठवायचं. डेलॉसवर उजेड इतका की अक्षर त्यात बुडून जातं. म्हणून मी खिशात छोटा आरसा ठेवते. शिलालेखावर आपल्या अंगाची सावली धरायची आणि आरशानं ऊन एका कडेनं दगडावर सोडायचं. क्षणापूर्वी कोरा वाटणारा दगड मग ओळीमागून ओळ बोलू लागतो. शिलालेखांचे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून ठसा घ्यायची त्यांची दुसरी रीत आपल्याकडच्या पुराभिलेखाच्या अभ्यासकांनाही चांगली ठाऊक आहे.

डेलॉसचे छापून येणारे फोटो बहुतेक एकसारखे असतात. सिंहांची रांग, चार-दोन उभे खांब, मागे निळा समुद्र आणि चित्रात माणूस नाही. चित्र देखणं असतं, आणि त्यातला तो रिकामेपणाच माणसाला फसवतो. इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात भूमध्य समुद्रावरच्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी हे एक होतं, आणि इथे हात बदलणाऱ्या मालात माणसंही होती. अपोलो देवाच्या जन्मभूमीवर गुलामांचा घाऊक बाजार भरत असे. ज्यांच्या विक्रीतून या शहरात पैसा आला ते लोक आपल्या फोटोत कुठे असतात, हा प्रश्न घेऊनच मी या बेटावर फिरते.

बेट किती लहान आहे हे नकाशावरून लक्षात येत नाही. क्षेत्रफळ सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर. लांबी पाच किलोमीटर, रुंदी सव्वा-दीड किलोमीटरच्या आत. मधोमध किंथॉसची टेकडी, उंची सुमारे ११२ मीटर. माथ्यावर इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातल्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या आहेत. जमीन खडकाळ, झाडं नाहीत, पाणी बेताचं. अशा ठिकाणी देव का जन्मावा, याचं उत्तर कथेतच आहे. देवांचा राजा झ्यूस याच्यापासून गरोदर राहिलेल्या लेटोला त्याच्या बायकोच्या, हेराच्या, धाकानं कुठलीच भूमी थारा देईना. शेवटी समुद्रावर तरंगत फिरणाऱ्या, गमावण्यासारखं काही नसलेल्या या खडकानं तिला जागा दिली. नऊ दिवस कळा सोसून, ताडाच्या झाडाला मिठी मारून तिनं अपोलोला जन्म दिला. बदल्यात या खडकाला मंदिर मिळालं आणि त्याबरोबर अख्ख्या ग्रीक जगाची वर्दळ.

सिंह त्याच वर्दळीचे. शेजारच्या नॅक्सॉस बेटावरच्या लोकांनी इसवीसनापूर्वी सुमारे ६०० या काळात ते आपल्या संगमरवरातून घडवून इथे अर्पण केले. मुळात नऊ ते बारा असावेत. पुढचे पाय ताठ, अंग काटकुळं, जबडा उघडा. त्यांची तोंडं पूर्वेला, पवित्र तळ्याकडे आहेत. फोटो काढणाऱ्यानं हे आधीच लक्षात घ्यायला हवं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ऊन फक्त सकाळी असतं. दुपारनंतर पोहोचलात तर पाठी उजळलेल्या आणि चेहरे काळे. सध्या ओट्यावर बसलेल्या आहेत त्या प्रतिकृती. मूळ मूर्तींना वारा आणि खारी हवा कुरतडू लागली म्हणून १९९९मध्ये त्या बेटावरच्या वस्तुसंग्रहालयात हलवण्यात आल्या. एक सिंह त्याच्या कितीतरी आधी व्हेनिसला गेला. तिथल्या जुन्या नौदल गोदीच्या दाराशी तो नंतर बसवलेलं डोकं घेऊन बसला आहे. आणि ज्या तळ्याकडे हे सिंह पाहत होते ते १९२०च्या दशकात हिवतापाच्या भीतीनं आटवलं. आता तिथे गवत वाढतं आणि मधोमध लेटोची आठवण म्हणून लावलेला एक ताड उभा आहे.

नॅक्सॉसवाल्यांचंच आणखी एक दान होतं, अपोलोचा सुमारे नऊ मीटर उंचीचा पुतळा. आज त्याच्या धडाचे दोन मोठे तुकडे आवारात पडून आहेत. हाताचा तुकडा इथल्या संग्रहालयात आहे आणि पावलाचा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याच्या चौथऱ्यावर एक ओळ कोरलेली आहे, तिचा आशय असा की मूर्ती आणि पीठ एकाच दगडाचे आहेत. दुपारी ही ओळ नजरेतून सहज सुटते. आरशानं तिरपं ऊन टाकलं की अक्षरांचे काठ उठतात. सातव्या-सहाव्या शतकाच्या सांध्यावरचं ते रांगडं वळण पाहताना कारागिराचा अभिमान मला अगदी जवळून कळतो.

हा पुतळा पडला त्याची गोष्ट प्लुटार्कनं सांगितली आहे. अथेन्सचा सेनानी निकियास यात्रेकरूंचं पथक घेऊन आला. एरवी अशी पथकं गर्दीत, गोंधळात किनाऱ्यावर उतरत आणि गायकांना उतरता उतरता गायला लावलं जाई. निकियासनं आदल्या रात्री सगळ्यांना समोरच्या रेनिया बेटावर उतरवलं. अथेन्समध्येच मापानं बनवून आणलेला पूल रातोरात मधल्या खाडीवर टाकला आणि त्याला सोनेरी मुलामा, रंगीत वस्त्रं, हार यांनी सजवलं. उजाडताच गाणाऱ्यांची मिरवणूक त्या पुलावरून डेलॉसवर आली. सोबत त्यानं ब्राँझचा ताडही अर्पण केला. पुढे वाऱ्यानं तो ताड मोडला आणि पुतळ्यावर पडून त्याला घेऊन कोसळला. ताडाच्या चौथऱ्याचे दगड आजही दाखवतात. ती मिरवणूक उगवतीच्या उजेडात यावी हे निकियासनं मुद्दाम ठरवलं होतं. डेलॉसवर उजेडाचा हिशेब माझ्याआधी चोवीसशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

अथेन्सला या बेटाची भक्ती होती आणि हावही होती. पर्शियनांशी लढण्यासाठी इसवीसनापूर्वी ४७८-४७७मध्ये ग्रीक राज्यांनी जो संघ केला त्याचा खजिना इथे ठेवला गेला. ४५४मध्ये अथेन्सनं तो उचलून आपल्या गावी नेला. त्याआधी, ४९०मध्ये, पर्शियन सेनापती डॅटिस एवढं आरमार घेऊन आला होता. त्यानं बेटाला हात लावला नाही, उलट वेदीवर ३०० टॅलेंट धूप जाळला असं हिरोडोटस लिहितो. आपल्या मापात ते सात-आठ टन भरतं. ३९९मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला तेव्हा अथेन्सचं पवित्र जहाज डेलॉसच्या वारीवर निघालं होतं. ते परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड द्यायचा नाही असा नियम होता, म्हणून त्याला ३० दिवस जादा मिळाले. त्या दिवसांतलं त्याचं मित्रांशी झालेलं बोलणं जगानं जपलं, त्यामागे या बेटाचा एक सोवळ्याचा नियम होता.

सोवळ्याची हद्द ४२६च्या हिवाळ्यात झाली. अथेन्सकरांनी ठरवलं की बेट शुद्ध करायचं. सगळ्या कबरी उकरून हाडं आणि सोबतच्या वस्तू रेनियावर नेल्या. यापुढे डेलॉसवर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही, अशी आज्ञा निघाली. दिवस भरलेल्या बाईला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला होडीत घालून पलीकडे न्यायचं. थोड्याच वर्षांत त्यांनी मूळ डेलॉसकरांनाच बेटाबाहेर काढलं आणि वर्षभरानं डेल्फीच्या देवाचा कौल आला म्हणून परत येऊ दिलं. थ्युसिडिडीस या कबरींबद्दल एक मोलाची गोष्ट लिहून गेला आहे. उकरलेल्या कबरींपैकी निम्म्याहून अधिक कॅरिया या आशियाच्या किनाऱ्यावरच्या प्रदेशातल्या लोकांच्या होत्या. पुरलेली शस्त्रं आणि पुरण्याची तऱ्हा यांवरून ते ओळखता आलं. मातीतल्या वस्तू पाहून माणसं कोण होती हे ठरवायचं, ही पुरातत्त्वाची मूळ पद्धत त्यानं तेव्हाच वापरली होती. रेनियावरचा तो खड्डा १८९८मध्ये सापडला. त्यातली भांडी मायकोनॉसच्या संग्रहालयात मांडलेली आहेत. डेलॉस पाहायला जाणाऱ्यांनी ती चुकवू नयेत.

इसवीसनापूर्वी ३१४ ते १६६ हा काळ बेटाच्या स्वातंत्र्याचा. मला हा काळ फार प्रिय आहे, कारण तो हिशेबांतून दिसतो. मंदिराचे कारभारी दरवर्षीचा जमाखर्च संगमरवरी फळ्यांवर कोरून लावत. रेनिया आणि मायकोनॉसवरच्या देवाच्या जमिनींचा खंड, कर्जं, थकबाकीदार, कारागिरांची मजुरी, लाकूड, तेल, पपायरसचा कागद आणि शुद्धीसाठी महिन्याच्या महिन्याला लागणारं डुकराचं पिल्लू. इंधनासाठी झाडं नसलेल्या या गावात सरपण आणि कोळसा जाहीर केलेल्या भावाखेरीज विकायचा नाही असा कायदाही दगडावर आहे.

याच काळातली एक गोष्ट किंथॉसच्या वाटेवरच्या सेरापिसच्या देवळात मिळाली. अपोलोनियस नावाच्या पुजाऱ्यानं ती खांबावर कोरून ठेवली. त्याच नावाचा त्याचा आजा इजिप्तमधल्या मेम्फिसहून आपला देव सोबत घेऊन आला. देव भाड्याच्या खोलीत राहिला. नातवाच्या वेळी देवानं स्वप्नात सांगितलं की आता भाड्याचं घर पुरे, बाजाराच्या बोळात विक्रीची चिठ्ठी लावलेली जागा आहे ती घे. जागा म्हणजे उकिरडा होता. ती घेऊन सहा महिन्यांत देऊळ उभं राहिलं. मग काही लोकांनी फिर्याद केली. खटल्याच्या दिवशी देवानं फिर्यादींची वाचाच बंद केली आणि अपोलोनियस जिंकला. हे देऊळ मी पाहिलं तेव्हा त्याच्या लहानपणानंच मन भरून आलं. तीन पिढ्यांची परदेशातली खटपट त्या चार भिंतींत आहे. त्याचा फोटो काढायला सिंहांइतकी गर्दी कधी नसते.

१६६मध्ये सगळं पालटलं. रोमला ऱ्होड्स बेटाची खोड मोडायची होती. त्यानं डेलॉस अथेन्सच्या ताब्यात दिलं आणि बंदर जकातमुक्त केलं. मूळ डेलॉसकरांना पुन्हा एकदा घरं सोडावी लागली. परिणाम इतका झपाट्यानं झाला की ऱ्होड्सच्या वकिलानं रोमच्या सिनेटपुढे सांगितलेला आकडा पॉलिबियसनं नोंदवला आहे. ऱ्होड्सच्या बंदराचं उत्पन्न १० लाख ड्राखमांवरून दीड लाखावर आलं. १४६मध्ये रोमनं कॉरिंथ उद्ध्वस्त केलं आणि तिथला व्यापारही इकडे वळला. इटलीचे सावकार, बैरुतचे जहाजमालक, सिरियाचे, इजिप्तचे, ज्यू आणि समॅरिटन लोक इथे आले. दक्षिण अरबस्तानातल्या माईनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या वद्द या देवाची वेदी इथे बसवली, तिच्यावर त्यांची लिपी आणि ग्रीक दोन्ही आहेत. परक्या बंदरात येऊन देवाला दान करायचं आणि आपलं नाव कोरून ठेवायचं ही रीत मला ओळखीची वाटली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं दाते म्हणून आहेत, जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. दोन्हीकडे व्यापारी परमुलखात स्थिरावला तो देवाच्या दारी नाव लिहून.

आणि गुलाम. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की डेलॉस एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेऊन पुढे रवाना करू शकत असे. आकडा फुगवलेला असेल, पण तो सुचावा इतका व्यवहार होता. कारणही तो सांगतो. कार्थेज आणि कॉरिंथ पडल्यावर श्रीमंत झालेल्या रोमनांना राबायला माणसं हवी होती. ती किलिकियाच्या किनाऱ्यावरचे चाचे पुरवत. जहाज लागलं की माल उतरवा, सगळा विकला गेलाच म्हणून समजा, अशी म्हणच तेव्हा पडली होती.

मग तो बाजार भरत होता कुठे? बेटावर इटालियनांचं म्हणून ओळखलं जाणारं एक प्रचंड चौकोनी आवार आहे, चहूबाजूंनी ओवऱ्या आणि आत येण्याच्या वाटा अरुंद. हाच गुलामांचा बाजार असं काही अभ्यासकांनी मांडलं, तर इतरांनी ते साफ नाकारलं. गुलामांचा बाजार म्हणून बोट दाखवता येईल असा एकही दगड इथे नाही. मी त्या आवाराचे फोटो काढले. त्यांत गवत आहे, खांबांच्या बैठका आहेत, पाली आहेत. ज्या व्यवहारानं या बंदराचं नाव झालं त्याला स्वतःची इमारत लागत नव्हती. धक्का पुरत होता. माणसं उतरली, मोजली, विकली आणि दुसऱ्या जहाजात चढवली गेली. अशा गोष्टीचा अवशेष उरत नाही.

पण बेटावर राहिलेल्या गुलामांनी मात्र खूण ठेवली आहे. धक्क्यावरून आत आलं की पहिलंच मोकळं पटांगण लागतं ते कॉम्पेटालियास्टांचं. रोमन घराण्यांतले गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम यांचं हे मंडळ. चौकातल्या राखणदार देवांची पूजा त्यांच्याकडे होती. फरसबंदीत ठरावीक अंतरावर भोकं आहेत, कापडी मांडवाचे खांब रोवण्यासाठी. मी जमिनीवर बसून, कॅमेरा फरशीला टेकवून त्या भोकांचे फोटो घेतले. काठ अजून धारदार आहेत. मंडळानं दिलेल्या दानांच्या लेखांत सदस्यांची नावं आहेत, त्यांत गुलामही आहेत. घरांच्या दारांबाहेर, छोट्या वेद्यांच्या मागच्या भिंतींवर याच पूजेची चित्रं होती. डुकराचा बळी, नाचणारे देव, कुस्तीचे डाव. सणागणिक गिलावा देऊन नवं चित्र काढत, म्हणून एकावर एक थर सापडले. आत मालकाचा मोझेइक, बाहेर दारात गुलामाचा देव.

मोझेइक पाहून मात्र श्वास रोखला जातो. डायोनिससच्या घरात पंख असलेला देव वाघावर स्वार आहे. दगडाचे तुकडे इतके बारीक की वाघाच्या अंगावरचे पट्टे कुंचल्यानं ओढल्यासारखे वाटतात. डॉल्फिनांच्या घरात कारागिरानं नाव घातलं आहे, अराडोसचा आस्क्लेपियाडीस. त्याच घराच्या उंबऱ्याशी कार्थेजवाल्यांच्या तानित देवीची खूण आहे. थिएटरच्या वाटेवर क्लिओपात्रा आणि डायोस्कुरिडीस या अथेन्सच्या जोडप्याचं घर. ही इजिप्तची राणी नव्हे. नवऱ्यानं अपोलोच्या देवळाला चांदीच्या दोन तिवया दिल्या, त्याचा अभिमान म्हणून तिनं १३८-१३७मध्ये दोघांचे पुतळे घरात उभे केले. दोघांचीही डोकी गेली आहेत, पण तिच्या तलम शालीतून आतल्या वस्त्राच्या चुण्या दिसतात. एवढं पातळ वस्त्र जाड दगडात दाखवणारा हात असामान्य होता. आसपासच्या घरांच्या गिलाव्यावर कुणीकुणी टोकदार वस्तूनं जहाजं खरवडून ठेवली आहेत, शीड, वल्ही, दोरखंडांसकट. आरसा तिरपा धरला की तीही दिसू लागतात.

या गावाला तट नव्हता. देवाची जागा आहे, हात कोण लावणार, असा भरवसा होता. ८८मध्ये रोमशी युद्धाला उभा राहिलेल्या मिथ्रिडेटीस राजाच्या आरमारानं तो मोडला. अ‍ॅपियन म्हणतो की डेलॉस आणि आसपासच्या ठिकाणी २० हजार लोक मारले गेले, त्यांत बहुसंख्य इटालियन होते. पॉसेनियस लिहितो की बायकामुलांना गुलाम करून नेलं आणि अपोलोची मूर्ती समुद्रात फेकली. ज्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या लेकरांचा सौदा होई, तिथूनच या घरांतल्या बायका आणि मुलं विकायला गेली. ६९मध्ये चाच्यांनी उरलंसुरलं लुटलं. त्यानंतर रोमन अधिकारी ट्रायेरियसनं घाईनं तट बांधला, आणि घरांचे, ओवऱ्यांचे दगड त्यात चिणले. तोवर व्यापाराच्या वाटाही बदलल्या होत्या. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियसला इथे देवळाचे पहारेकरी सोडले तर कुणी उरलेलं दिसलं नाही.

पुढची शतकं बेट खाण म्हणून वापरलं गेलं. शेजारच्या बेटांवरच्या घरांना, चर्चना इथला संगमरवर गेला, बराचसा भट्टीत भाजून त्याचा चुना झाला. जे पाहिलं ते टिपून ठेवणारे लोकही येत राहिले. १४४५मध्ये इटलीतल्या अँकोनाच्या चिरियाकोनं इथे चित्रं काढली, अठराव्या शतकात स्टुअर्ट आणि रेव्हेट या इंग्रजांनी मोजमापं घेतली. १८७३पासून अथेन्समधल्या फ्रेंच संस्थेनं उत्खनन सुरू केलं. १९०४ ते १९१४ या वर्षांत ड्यूक द लुबा यांच्या देणगीवर मोरिस ओलो यांनी शहराचा मोठा भाग मोकळा केला. खणताना काढलेले काचपट्ट्यांवरचे फोटो हा त्या कामाचाच भाग होता. भिंत मातीतून वर आली तेव्हा तिच्यावर कोणता रंग होता, खांब कुठल्या दिशेला पडलेला होता, हे ऊन-पावसानं पुसण्याआधी तिथे नोंदलं गेलं. त्या छायाचित्रकारांनी देखणेपणाची पर्वा केली नाही. मोजपट्टी ठेवली, उत्तर दिशा दाखवली आणि शटर उघडलं. मी त्यांना गुरू मानते.

त्यांच्याकडून मी एवढंच घेतलं आहे की प्रत्येक फोटोखाली त्या दगडामागची माणसं लिहायची. सिंहांच्या फोटोखाली नॅक्सॉसचे खाणकामगार. मोझेइकखाली आस्क्लेपियाडीस. रिकाम्या पटांगणाच्या फोटोखाली स्ट्रॅबोचा आकडा, आणि ज्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत त्यांच्याबद्दल तसं स्पष्ट वाक्य. पलीकडच्या रेनियावरच्या थडग्यांवर ज्यांची नावं उरली त्यांचीही नोंद करते. तिथे बुडालेल्या खलाशांसाठी जहाजाची नाळ कोरलेले दगड आहेत. हेराक्लिया आणि मार्थिना या दोन ज्यू मुलींसाठी उभारलेले दगडही तिथलेच. त्यांच्यावर आकाशाकडे उचललेले दोन हात कोरले आहेत. या निरपराध मुलींना कपटानं मारणाऱ्यांना देवानं शोधून काढावं, अशी विनवणी खाली लिहिलेली आहे. इसवीसनापूर्वी १००च्या सुमाराची ही फिर्याद आजही वाचता येते, कारण कुणीतरी पदरचे पैसे खर्चून ती दगडात घातली.

दहा हजारांच्या आकड्यातल्या माणसांसाठी फिर्याद करायला कुणी नव्हतं. डेलॉसला जाल तेव्हा सिंहांचा फोटो जरूर काढा, सकाळी पोहोचलात तर चेहऱ्यावर ऊनही मिळेल. पण परतीच्या बोटीला अर्धा तास उरला की जुन्या धक्क्याच्या फरशीचा एक फोटो घ्या आणि त्याखाली इथे काय विकलं जाई ते शब्दांत लिहा. कॅमेरा तेवढं सांगू शकत नाही, ते काम आपलं आहे.